जोयिता: बुडली नाही, तरीही रिकामी सापडली

रेडिओ २१८२ किलोहर्ट्झवर लावलेला होता. समुद्रावर संकटात सापडलेल्यांनी मदत मागायची ती हीच लहर. त्या काळी दर तासाच्या ठोक्याला आणि दर अर्ध्या तासाला तीन-तीन मिनिटं सगळ्या जहाजांनी या लहरीवर बोलणं थांबवून नुसतं ऐकत राहायचं असा नियम होता. कुणाची क्षीण हाकही गोंगाटात हरवू नये, एवढाच त्यामागचा हेतू. जोयिता या बोटीवर कुणीतरी सेट या लहरीवर आणला होता, म्हणजे हाक मारायचा प्रयत्न झाला असणार. पण सेटपासून एरियलपर्यंत जाणारी तार मध्येच तुटलेली होती. तुटलेल्या जागेवरून रंगाचा हात फिरला होता, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला ती अखंड दिसायची. अशा अवस्थेत आवाज जेमतेम दोन मैल पोचला असता.

ऑक्टोबर १९५५ मधल्या त्या रात्री, दक्षिण प्रशांत महासागरात, बोटीवर २५ माणसं होती, त्यात दोन लहान मुलं. पाच आठवड्यांनी बोट सापडली. माणसांपैकी एकही सापडलं नाही, आजपर्यंत.

रिकाम्या सापडलेल्या जहाजांच्या कथा पुष्कळ आहेत आणि बहुतेकींमध्ये पुरावा थोडा आणि कल्पनाच फार असते. जोयिताचं तसं नाही. तिच्यात पाणी कुठून शिरलं ते सापडलं. ती का बुडाली नाही तेही कळलं. किती मैल गेली, साधारण किती वाजता थांबली, याचाही हिशेब लागला. एवढं सगळं कळूनही मधली एकच गोष्ट हाती लागत नाही, म्हणून हे प्रकरण बारकाईनं मांडावंसं वाटलं.

बोट

जोयिता १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये बांधली गेली, तीही चैनीची यॉट म्हणून. मालक चित्रपट दिग्दर्शक रोलंड वेस्ट. नाव स्पॅनिश, अर्थ 'छोटंसं रत्न'; पत्नी ज्युएल कारमेन यांच्या नावावरून ठेवलेलं. लांबी ६९ फूट, म्हणजे २१ मीटर. ओकच्या फासळ्या आणि त्यांवर दोन इंच जाडीच्या देवदाराच्या फळ्या. लाकूडकाम उत्तम होतं आणि शेवटपर्यंत उत्तमच राहिलं. ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

१९४१ मध्ये अमेरिकन नौदलानं ती घेतली आणि हवाई बेटांभोवती गस्तीला लावली. १९४३ मध्ये ती खडकावर चढली, मोठं नुकसान झालं आणि मोठी दुरुस्ती झाली. या दुरुस्तीत नवीन पाइप टाकले ते तांब्या-पितळेचे नव्हते, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे होते. काम तेवढ्यापुरतं भागलं.

युद्धानंतर ती खाजगी हातांत आली. मासे साठवायचे म्हणून तिच्यात शीतयंत्रणा बसवली गेली आणि पोटाला आतून बुचाचं अस्तर लावलं गेलं, तब्बल ६४० घनफूट. हेतू गारवा टिकवण्याचा. पण बूच पाण्यावर तरंगतं, आणि ६४० घनफूट म्हणजे १८ घनमीटर बूच पाण्याखाली ढकललं तर ते साधारण १५ टन वजन वर उचलून धरतं. ही बोट पाण्यानं भरू शकत होती, पण तळाशी जाणं तिला जवळजवळ अशक्य होतं.

१९५५ मध्ये ती टॉमस मिलर या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या खलाशाच्या ताब्यात होती. ओळखीचे लोक त्याला 'डस्टी' म्हणत. सामोआत राहून तो बोट भाड्यानं देई, मासेमारी करी. मासेमारीच्या खेपा लागोपाठ तोट्यात गेल्या होत्या आणि डोक्यावर कर्ज चढलं होतं. सामोआ ते टोकेलाऊ अशा सरकारी फेऱ्या मिळाल्या तर कर्ज फिटणार होतं. टोकेलाऊ म्हणजे सामोआच्या उत्तरेला असलेली तीन प्रवाळ कंकणद्वीपं, न्यूझीलंडच्या प्रशासनाखालची. विमानतळ नाही, येईल ती बोट हाच जगाशी संबंध. मिलरला या फेरीची किती निकड होती हे डोळ्यांआड केलं तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

प्रयाण

२ ऑक्टोबर १९५५ रोजी दुपारच्या भरतीला निघायचं ठरलं होतं. डाव्या इंजिनाचा क्लच चालेना. दुरुस्ती सुरू झाली, ती संपली नाही, आणि ३ ऑक्टोबरच्या पहाटे पाचच्या सुमारास मिलर एकाच इंजिनावर सामोआतल्या आपिया बंदरातून बाहेर पडला. डावं इंजिन उघडलेल्या अवस्थेतच होतं. जाता जाता करू, असा विचार असावा.

अंतर सुमारे २७० मैल, वेळ ४१ ते ४८ तास. माणसं २५: १६ खलाशी आणि ९ प्रवासी. प्रवाशांत एक सरकारी अधिकारी, सुकं खोबरं खरेदी करणारा एक व्यापारी, आणि एक शल्यविशारद होता. टोकेलाऊतल्या एका रुग्णाचा अवयव कापण्याची शस्त्रक्रिया करायला तो निघाला होता. मालात औषधं, लाकूड, पीठ, तांदूळ, साखर आणि तेलाचे ८० रिकामे पिंप. येताना खोबरं भरून आणायचं होतं.

मिलरकडचा पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना संपलेला होता. सगळ्यांना पुरतील एवढे लाइफजॅकेट नव्हते. जीवरक्षक होडी नव्हती. एक डिंगी, म्हणजे छोटी होडी, आणि तीन कार्ली तराफे होते. कार्ली तराफा म्हणजे तरंगणारं मोठं लंबगोल कडं आणि मध्ये जाळीचा तळ. त्यात माणूस बसतो तो अर्धा पाण्यातच. वर छप्पर नाही, सावली नाही. मदत जवळ असेल तेव्हा काही तास जीव वाचवण्यासाठी ही वस्तू केलेली आहे.

५ तारखेला बोट पोचायला हवी होती. ६ तारखेला टोकेलाऊतल्या फाकाओफो बेटाहून निरोप आला, अजून पत्ता नाही. न्यूझीलंड हवाई दलानं १२ तारखेपर्यंत जवळजवळ एक लाख चौरस मैल समुद्र पिंजून काढला. काही दिसलं नाही.

सापडलं काय

१० नोव्हेंबरला फिजीतल्या सुवाहून फुनाफुती बेटाकडे जाणाऱ्या 'तुवालू' या मालवाहू जहाजाचा कप्तान जेराल्ड डग्लस याला फिजीतल्या वनुआ लेवू बेटाच्या उत्तरेला एक अर्धवट बुडालेली बोट दिसली. ती एका अंगावर कलली होती, इतकी की डाव्या बाजूचा कठडा पाण्याला टेकलेला. जोयिता आपल्या ठरलेल्या मार्गापासून सहाशेहून अधिक मैल पश्चिमेला होती.

हे अंतर ऐकून अनेकांना पहिली शंका येते की तिला कुणीतरी ओढून नेलं असेल. हिशेब करून बघा. बोट थांबल्यापासून सापडेपर्यंत साधारण ३७ दिवस. सहाशे मैलांना ३७ नं भागलं तर दिवसाला सोळा मैल, म्हणजे ताशी पाऊण मैलही नाही. त्या पट्ट्यात व्यापारी वारे आणि विषुववृत्तीय प्रवाह दोन्ही पश्चिमेकडेच लोटतात. बोट जिथे वाहत जायला हवी होती तिथेच सापडली. डाव्या बाजूला नेहमीच्या पाणरेषेच्या बऱ्याच वरपर्यंत बार्नॅकल चढले होते; हे कवचाचे चिकट जीव पाण्याखाली असलेल्या जागेवरच वाढतात. म्हणजे ती बराच काळ अशीच कललेली होती.

आता आतलं. दिव्यांची बटणं चालू स्थितीत होती, खोल्यांचीही आणि दिशादर्शक दिव्यांचीही. तेव्हा रात्र होती. बोटीच्या विजेवर चालणारी घड्याळं १०:२५ वर थांबलेली. टाक्यांत इंधन शिल्लक होतं, आणि किती खर्च झालं यावरून बोट सुमारे २४३ मैल चालली होती. फाकाओफो आता पन्नास मैलांच्याही आत होतं. आपियापासूनचा वेळ धरला तर हे दुसऱ्या रात्रीशी, ४ ऑक्टोबरशी, नेमकं जुळतं.

१०:२५. अजून पाच मिनिटांनी साडेदहाची शांतता सुरू होणार होती, जेव्हा आवाक्यातलं प्रत्येक जहाज २१८२ वर कान लावून बसायचं. घड्याळं बंद पडली याचा अर्थ वीज गेली. ही पाच मिनिटं वाचली की दर वेळी मन तिथेच अडकतं. त्या तुटलेल्या तारेमुळे वीज असती तरी फरक पडला नसता हे माहीत असूनही अडकतं.

उजव्या इंजिनावर गाद्या टाकलेल्या होत्या. इंजिनरूममध्ये दोन इंजिनांच्या मध्ये फळी टांगून तिच्यावर एक पंप ठेवला होता, पण तो जोडलेला नव्हता. वरचा उघडा सुकाणूमंच पार मोडून गेला होता, डेकवरच्या खोल्यांच्या काही खिडक्या फुटल्या होत्या. डिंगी नाही, तिन्ही तराफे नाहीत. रोजनिशी नाही. सेक्स्टंट आणि क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावर आपली जागा काढायची उपकरणं, तीही नाहीत. मिलरकडच्या बंदुका नाहीत. सुमारे चार टन माल नाही.

आणि डेकवर डॉक्टरची बॅग: स्टेथोस्कोप, शस्त्रक्रियेची सुरी आणि रक्ताचे डाग पडलेल्या बँडेजच्या चार पट्ट्या.

पाणी कसं शिरलं

बोट सुवाला ओढून आणली, पाणी उपसलं. खालून पाणी येत असल्याचा आवाज कानावर आला. शोधत गेल्यावर इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपांपैकी एक सडून तुटलेला सापडला.

दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरी बनते. पितळ किंवा तांबं शाबूत राहतं आणि शेजारचं लोखंड झिजत जातं. वरचा जस्ताचा थर काही काळ स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. तो संपला की लोखंडाची पाळी. १९४३ च्या त्या दुरुस्तीत जे स्वस्तात भागवलं गेलं, ते असं पोखरत पोखरत एके दिवशी सुटलं. बाहेरून पाइप पाइपासारखाच दिसत राहतो, आणि ज्या जागी तो असतो तिथे कुणी वाकून बघत नाही.

किती पाणी येत असेल? पाण्याच्या पातळीखाली मीटरभर खोलीवर इंचभर व्यासाचं भोक धरलं, तर तासाला साधारण पाच टन पाणी आत येतं. अनुभवी खलाशालाही हा आकडा दचकवणारा आहे. शिवाय इंजिनरूमच्या तळफळ्यांखाली पाणी साठत असताना कुणाला दिसत नाही. फळ्यांच्या वर आलं की दिसतं, आणि तोवर तुटका पाइप पाण्याखाली गेलेला असतो. अंधारात, इंजिन चालू असताना, तेलकट पाण्यात हात घालून चाचपत शोधायचं.

बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपांना तोंडाशी गाळण्या नव्हत्या. चिंध्या, लाकडाचे तुकडे, तेलाचा गाळ जे काही होतं ते पंपांत जाऊन अडकलं. म्हणून तो जादा पंप फळीवर आणला गेला. फळी टांगायला, तिच्यावर पंप चढवायला वेळ लागतो, दोघा-तिघांची ताकद लागते. एवढं केल्यावर तो जोडायला उसंत मिळाली नाही. गाद्या बहुधा गळती दाबायला नाहीतर विजेच्या बोर्डावर उडणारं पाणी अडवायला आणल्या होत्या. ही पळून जाणाऱ्यांची खोली नव्हे. इथे माणसं झगडली आहेत.

उजवं इंजिन बंद पडलं, डावं आधीच उघडलेलं. चालता न येणारी बोट लाटांना आडवी होते. आडवी बोट जोरात डोलते, आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि कल वाढतो. दिवे गेले. पहाटेला अजून सात-आठ तास होते.

इथवर मला काहीच गूढ दिसत नाही. वाईट अवस्थेतल्या बोटीचं जे होणार होतं ते झालं.

मग ते उतरले का?

खरा प्रश्न एवढाच आहे. बोट बुडणारी नव्हती आणि मिलरला ते माहीत होतं. तो ही गोष्ट लोकांना सांगतही असे. जमीन पन्नास मैलांच्या आत, आपण येणार हे तिथे ठाऊक, आपण पोचलो नाही की शोध सुरू होणार हेही नक्की. अशा वेळी तरंगणारं लाकूड सोडून जाळीच्या तराफ्यात लहान मुलांना उतरवायचं नसतं. बोट कितीही भरली तरी विमानातून तराफ्यापेक्षा लवकर दिसते.

म्हणून माझं मत त्या बॅगेकडे झुकतं. डॉक्टरनं त्या रात्री कुणावर तरी उपचार केले. इंजिनरूममध्ये पाण्यानं निसरड्या झालेल्या फळ्यांवर, हेलकावणाऱ्या बोटीत, अवजड पंप हलवताना माणूस जबर जखमी होणं अगदी सहज शक्य आहे. तो जखमी माणूस मिलर असेल, बेशुद्ध असेल किंवा दगावला असेल, तर बुचाच्या अस्तरावर पूर्ण भरवसा असलेला एकमेव माणूस निर्णयातून बाद होतो. उरलेल्यांना दिसत होतं ते एवढंच की दिवे गेलेत, पाणी चढतंय, कठडा समुद्राला टेकलाय. कागदावर 'न बुडणारी' असलेली बोट त्या क्षणी डोळ्यांदेखत बुडत होती. आपल्याला तिचा शेवट माहीत आहे, त्यांना नव्हता, आणि मी त्यांना दोष देऊ धजत नाही.

या तर्कात एक खोट आहे. मिलर जखमी असल्याचा सरळ पुरावा नाही. रक्त कुणाचं, किती, केव्हाचं, हे कळायला मार्ग उरलेला नाही. दुसरं असं की सेक्स्टंट, क्रोनोमीटर आणि रोजनिशी नेलेली असेल तर उतरणाऱ्यांत नौकानयन जाणणारा कुणीतरी शुद्धीवर होता, आणि घाईतही त्याचं डोकं ठिकाणावर होतं. मिलरचा अमेरिकन सहकारी बोटीवर होता, तो हे करू शकला असता. पण बंदुका? होडीत बसताना बंदुका कशाला? इथे मी अडतो.

अडण्याचं कारण बहुधा हे की आपण दोन वेगवेगळ्या प्रसंगांचे ठसे एकाच रात्रीवर चढवतोय. ४ ऑक्टोबरला सोडलेली बोट आणि १० नोव्हेंबरला सापडलेली बोट एक नव्हे. मधल्या ३७ दिवसांत लाटांनी सुकाणूमंच तोडला, खिडक्या फोडल्या, उघड्या पोटातून माल वाहून नेला. साखर पाण्यात विरघळते, पीठ धुऊन जातं, पोतं तेवढं उरतं. वाटेत कुणी बोटीला लागून काही उचलून नेलं असेल तर बंदुका आणि क्रोनोमीटर याच पहिल्या उचलण्याजोग्या वस्तू आहेत. किंवा पाणी चढत असताना वजन कमी करायला खलाशांनीच माल समुद्रात टाकला असेल. तीनही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असू शकतात. कुठली नेमकी किती, हे त्या बोटीकडे बघून सांगता येत नाही.

बाकी तर्क थोडक्यात आटपतो. जपानी मासेमारी ताफ्यानं माणसं मारली असं त्या वेळी वर्तमानपत्रांतून छापून आलं. युद्धाला दहाच वर्षं झाली होती, राग ताजा होता. बोटीवर 'मेड इन जपान' लिहिलेले चाकू सापडल्याचा गाजावाजा झाला, ते जुनेपुराणे निघाले. सोव्हिएत पाणबुडीनं माणसं पळवली हा तर शीतयुद्धाचा वारा. विम्यासाठी मुद्दाम बुडवली म्हणावं, तर तळाचे सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा, उघडलेले नव्हते; आणि जिच्यावर सरकारी फेऱ्यांची सगळी आशा ती बोट मिलर कशाला बुडवेल? बंडाची शक्यता मी पूर्ण पुसणार नाही. एकाच इंजिनावर पुढे रेटणारा कप्तान आणि परत फिरा म्हणणारे लोक यांच्यात हातघाई होऊ शकते. पण फळीवरचा पंप बघितला की वाटतं, त्या लोकांना भांडायला सवड नव्हती.

एक जुनी सावली

मेरी सेलेस्टची आठवण इथे येतेच. ४ डिसेंबर १८७२ रोजी अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधल्या समुद्रात ती शिडाची बोट रिकामी सापडली. अल्कोहोलचे १७०१ पिंप, दहा माणसं बेपत्ता. होडी, सेक्स्टंट, क्रोनोमीटर नाही. पोटात साडेतीन फूट पाणी, एक पंप खोलून ठेवलेला. जोयिता आणि ती शेजारी ठेवून वाचली की अंगावर काटा येतो. दोन्हींकडे पंपानं दगा दिला, दोन्हींकडे पाणी किती आहे याचा अंदाज चुकला असावा, दोन्हींकडे माणसं उतरली आणि जहाज तरंगत राहिलं. आणि दोन्हींकडे लोकांना रक्त हवं होतं. मेरी सेलेस्टच्या चौकशीत जिब्राल्टरला सरकारी वकिलानं बोटीवरच्या तलवारीवरचे डाग रक्ताचे म्हणून उचलून धरले. तपासणीत ते रक्त नव्हतंच. जोयितावर मात्र उलट घडलं. इथे खरोखर रक्त लागलेल्या पट्ट्या होत्या आणि चौकशीनं त्यांचा उल्लेखही केला नाही.

ती चौकशी फेब्रुवारी १९५६ मध्ये आपियाला झाली. पाणी कुठून शिरलं हे तिनं ठरवलं. ठपका मिलरवर ठेवला: एका इंजिनावर आणि इतक्या बारीकसारीक दोषांनिशी खुल्या समुद्रात जाणं हा बेदरकारपणा, चालता रेडिओ आणि सुसज्ज जीवरक्षक होडी नसणं हा निष्काळजीपणा. यातला शब्दही खोडण्यासारखा नाही. माणसांचं काय झालं, याविषयी मात्र उपलब्ध पुराव्यावरून उलगडा होत नाही एवढंच म्हटलं. प्रामाणिक उत्तर होतं ते. तरी बँडेजांवर न लिहिणं मला आजही खटकतं. पुरावा निर्णायक नव्हता हे मान्य, पण त्या रात्री बोटीवर कुणीतरी जखमी झालं होतं असं सांगणारी तेवढीच एक वस्तू होती, आणि घरी वाट बघणाऱ्यांना तिच्याविषयी दोन ओळी मिळायला हव्या होत्या.

बोट विकली गेली, डागडुजी झाली, फिजीच्या बेटांमध्ये पुन्हा चालू लागली. १९५७ मध्ये ती प्रवाशांसकट खडकावर चढली. नोव्हेंबर १९५९ मध्ये पुन्हा चढली. भरतीला सुटली, पण आत पाणी वाढू लागलं. पंप सुरू केले तर पाणी आणखी वाढलं. पंपांच्या झडपा उलट्या बसवलेल्या होत्या, त्यामुळे पंप समुद्रच आत ओढत होते. मग तिला किनाऱ्यावर ओढून टाकली आणि उपयोगाचं ते काढून घेतलं. हळूहळू एकेक तुकडा करत ती नाहीशी झाली.

एक वस्तू मी शेवटासाठी राखून ठेवली होती. डग्लसला बोट दिसली तेव्हा डेकवरच्या खोल्यांच्या छतावर, सुकाणूघराच्या मागे, कॅनव्हासचं छत ताणून बांधलेलं होतं. उष्ण समुद्रात डेकवरच्या प्रवाशांसाठी असं छत बांधतात. ते आपियाहूनच बांधून निघाले असतील. पण बोट जोरात कलली, सुकाणूमंच तुटून गेला, एवढ्या वाऱ्या-लाटांत ते जुनं छत टिकलं असेल का? की सगळं शांत झाल्यावर कुणीतरी ते बांधलं? छताखाली सावली मिळते, पावसाचं पाणी धरता येतं. तसं असेल तर सगळे त्या रात्री उतरले नव्हते. कुणीतरी एक-दोघं, कदाचित ज्याला हलवता येत नव्हतं तो आणि त्याला सोडून न गेलेला दुसरा, बोटीवर मागे राहिले. दिवसा त्या कापडाखाली बसले, पश्चिमेकडे वाहत गेले आणि १० नोव्हेंबरच्या आधी कधीतरी संपले.

छताच्या दोऱ्यांच्या गाठी कशा होत्या, घाईच्या की सवडीच्या, हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.